हार्टलपूल, दोन तासांचं पार्किंग

तीन दिवस आम्ही बाबांना इंग्लंड दाखवत होतो.
यॉर्कची वेस, डरहमचं कॅथेड्रल, एक पडका किल्ला
ज्याला तिकीट होतं आणि छप्पर नव्हतं.
बाबांनी प्रत्येक तिकिटाला एकशेपाचने गुणलं,
मनातल्या मनात, ओठ हलवत,
आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाले,
"दगडच गो सगळे."

चौथ्या दिवशी समुद्र. निवलेल्या पेजेसारखा.
श्रीरंगने मशीनमध्ये नाणी टाकली: दोन तास.
निमिष मागच्या सीटवरून उतरेना,
त्याची बॅटरी अठरा टक्के होती आणि जग संपत आलं होतं.
मी डबा उघडला. दशम्या, लसणाची चटणी.
एक सीगल येऊन बॉनेटवर बसला,
वसुलीच्या कारकुनासारखा.

धक्क्याभोवती जुनी दुकानं मांडलीयत,
शिंपी, बंदूकवाला,
आणि मधे पाण्यात ते जहाज.
नाकाशी लाकडी माणूस, फेटा बांधलेला, मिशाळ.
"आजोबा, हे तर तुम्ही!" निमिष म्हणाला.
चार दिवसांतलं त्याचं पहिलं मराठी वाक्य.
पाटी मी वाचून दाखवली:
मुंबईच्या गोदीत बांधलं, अठराशे सतरा साली, मलबारी सागात.
बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बूट काढले,
कामावर चढताना काढायचे तसे.

खाली, तोफांच्या मजल्यावर, तुळया डोक्याला लागतात.
आम्ही वाकून फिरलो, फोटो काढले.
बाबा एका तुळईपाशी थांबले ते थांबलेच.
बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. कान लावला.
नखाने एक शीर धरून वर वर गेले
जिथे तिरका आधार येऊन मिळतो तिथवर,
आणि म्हणाले, "वाकसाचां काम. रंधो लावूक नाय हयसर."
मग वास घेतला. दोनशे वर्षं, मीठ, डांबर,
रंगाचे कितीतरी हात.
"असतलो," ते म्हणाले, "आत असतलो अजून."

लाल जॅकेटातला एक म्हातारा आला. छातीवर नाव: नॉर्मन.
मला वाटलं, हात लावू नका म्हणणार.
मी माफी तयार ठेवली, ती माझ्या पर्समध्ये कायमच असते.
त्याने विचारलं, हे सुतार आहेत का?
हो म्हटलं. कुडाळचे. एकेचाळीस वर्षं.
नॉर्मनने डावा हात वर केला: तर्जनी अर्धी.
बाबांनी आपला डावा हात वर केला:
मधलं बोट, दोन पेरांपर्यंत.
दोघे हसायला लागले, तोंडाने करवत चालवत,
घर्रर्र, खच्,
आणि त्यानंतर नॉर्मनने जो चेहरा केला
तसाच आईचा झाला होता त्या दिवशी, अंगणात.

पाऊण तास ते जहाजाच्या पोटात हिंडले.
मी दुभाषी म्हणून मागे गेले, उपयोग झाला नाही.
नॉर्मन नवी फळी दाखवायचा, बाबा नाक मुरडायचे.
बाबा जुनी दाखवायचे, नॉर्मन टोपी काढायचा.
मला खाचेचं इंग्रजी आठवेना.
कुसू तर मी मराठीतही विसरले होते,
मी, जिच्या शाळेची फी त्या कुसवांनी भरली.

परत येऊन पाहतो तर काचेवर पिवळं पाकीट.
श्रीरंग तडकला. पस्तीस पौंड! सतरा मिनिटांना!
मी बाबांच्या ओठांकडे पाहिलं.
ते नाडी बांधत होते, अर्ध्या बोटाला वळसा घालून.
"सुताराचां नाव लिवलेलां नाय थंय?"
मुख्य उस्तादाचं आहे, मी म्हटलं. बाकीच्यांची नाहीत.
"बाकीचे किती असतले?"

आणि तेव्हा त्यांचे ओठ हलू लागले.
एका करवतीला दोन माणसं. वाकसाला एकेक.
ओढायला, उचलायला, डांबर तापवायला...
गाडी व्हिटबीच्या रस्त्याला लागली तरी
हिशेब चालूच होता.
मधेच त्यांनी डॅशबोर्ड वाजवून पाहिला.
काही बोलले नाहीत.